ऑर्डरचं सॉफ्टवेअर घेण्याआधी: टॉवेल-चादरीच्या पेढीनं काय तयार ठेवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात टॉवेल, चादरी आणि नॅपकिनचा ठोक धंदा आहे, पेढीवर किरकोळ विक्री आहे, आणि दोन वर्षांपासून ॲमेझॉन-फ्लिपकार्टवरही माल जातो. हिशेब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर आणि वडिलांच्या वहीत. आता ऑर्डर मॅनेजमेंट सॉफ्टवेअर (ऑर्डरी, स्टॉक आणि बिलं एका जागी सांभाळणारं) घ्यायचं ठरलंय आणि विकणारा म्हणतोय, "डेटा द्या, आठवड्यात चालू करून देतो." त्याआधी आपण काय करावं?

मी सोळा वर्षं हेच काम करतोय. कापड, हार्डवेअर आणि औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांकडे. आठवड्यात सॉफ्टवेअर चालू होतं, हे तो खरं सांगतोय. पण तो ज्याला डेटा म्हणतो ते तुमच्याकडे आज एका जागी नाही. एकाच टॉवेलचं टॅलीत एक नाव, एक्सेलमध्ये दुसरं, पोऱ्यांच्या तोंडी तिसरं आणि ॲमेझॉनवर चौथं. त्यातलं खरं कुठलं हे ठरवण्याचा अधिकार फक्त तुम्हाला आणि वडिलांना आहे, विकणाऱ्याला नाही. तुमच्या आकाराच्या पेढीला या ठरवाठरवीसाठी सहा ते आठ आठवडे लागतात. टायपिंग त्यातलं सगळ्यात छोटं काम. म्हणून पैसे भरण्याआधी घरातल्या एका माणसाला रोज दोन तास फक्त यासाठी मोकळं करा आणि त्याचा शब्द शेवटचा, हे सगळ्यांसमोर सांगून टाका. हे नसेल तर बाकीचं वाचून उपयोग होणार नाही.

सुरुवात संगणकापासून करू नका. गेल्या महिन्यातल्या पन्नास ऑर्डरी घ्या, ठोकच्या, पेढीवरच्या, ऑनलाइनच्या, सगळ्या मिसळून. प्रत्येकीचा माग काढा: निरोप कोणाला आला, भाव कोणी सांगितला, माल कोणी काढला, बिल कधी झालं, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) कोणी पाठवली, पैसे कसे आले. हे कागदावर मांडलं की जे कोणी कधी बोलून दाखवत नाही ते वर येतं. उदाहरणार्थ, पंढरपूरचा व्यापारी फोन करतो, "आषाढीसाठी नेहमीचा माल पाठवा." 'नेहमीचा' म्हणजे काय हे वडिलांना माहीत, किंवा वीस वर्षं गोडाऊन सांभाळणाऱ्या मामांना. सॉफ्टवेअरला ते माहीत नसतं. अशा प्रत्येक पार्टीची 'नेहमीची' यादी आता लिहून काढायला हवी. लग्नसराईतला टॉवेल-टोपीचा आहेर हेही असंच प्रकरण. त्या ऑर्डरीत लग्नाची तारीख मालाइतकीच महत्त्वाची असते, कारण एक दिवस उशिरा पोचलेला आहेर परतच येतो. म्हणून 'कधीपर्यंत पोचला पाहिजे' हा रकाना तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, ते आत्ताच विचारून घ्या. मामांना या बैठकीत बसवाच. मालाची खरी माहिती बहुधा त्यांच्याकडेच निघते.

आता मालाची यादी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

टॅलीतून सगळे आयटम एक्सेलमध्ये काढा आणि नावानुसार लावा. 'टर्किश ३० बाय ६० पांढरा', 'टर्की ३०-६० व्हाइट', 'मोठा टॉवेल सफेद' हे तीन आयटम दिसतील आणि गोडाऊनमध्ये तो एकच थप्पा असेल. कुठलं नाव ठेवायचं हे थप्प्यासमोर उभं राहून ठरवा, पडद्यासमोर बसून नव्हे. एकाच साच्यात नाव लिहा: आधी प्रकार, मग माप, मग वीण किंवा डिझाइन, मग रंग. रंगांचीही एक पक्की यादी करा. राणी, मोरपंखी, आमसुली ही नावं सगळ्यांना कळतात, ती खुशाल ठेवा. पण 'डार्क' हा रंग नाही आणि 'नवीन कलर' तर अजिबात नाही. गेल्या दोन वर्षांत एकदाही न विकलेले आयटम वेगळे काढून नव्या यादीत घेऊच नका. त्यातला माल शिल्लक असेल तर आधी तो विकायचं बघा.

प्रत्येक आयटमला एक कोड लागेल. तो लहान ठेवा, इंग्रजी मोठी अक्षरं आणि आकडे एवढंच. शून्यानं सुरू होणारा कोड नको, एक्सेल ते शून्य खाऊन टाकतं. 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं नकोत, शून्य आणि एकशी गल्लत होते. नुसत्या आकड्यांच्या मध्ये एकटं 'ई' हे अक्षर नको, कारण एक्सेल ती मोठी संख्या समजतं. १०-१२ असा कोड दिलात तर त्याची १० डिसेंबर होऊन बसते. आणि कोडमध्ये किंमत किंवा विणकराचं नाव गुंफू नका. किंमत बदलते, विणकर बदलतो, कोड मात्र कायम राहायला हवा. बंद झालेल्या मालाचा कोड पुन्हा दुसऱ्याला देऊ नका. वर्षभरानं जुन्या बिलाचा परतावा आला की कुठला माल ते कळत नाही.

मग मोजमाप. माझ्या कामातली सगळ्यात महागडी चूक इथेच झाली. एका टॉवेलवाल्याकडे मालाची यादी भरताना मूळ मोजमाप 'डझन' ठेवलं गेलं, आणि ऑनलाइनच्या ऑर्डरी मात्र नगात येत होत्या. जोडणी करणाऱ्यानं दोन्ही आकडे तसेच जोडले, आणि मी ते तपासलं नाही. एका नगाच्या ऑर्डरीला एक डझन वजा होऊ लागलं. चार दिवसांत संगणकात स्टॉक संपला, ऑनलाइनवर माल 'उपलब्ध नाही' दिसू लागला, आणि गोडाऊन भरलेलं होतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता तो. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: मूळ मोजमाप नेहमी सगळ्यात लहान विक्रीचं, म्हणजे नग. डझन, सहाचं पाकीट, गाठ (ठोकचा बांधलेला गठ्ठा) ही सगळी नगाच्या पटीत लिहायची. आणि प्रत्येक गाठीत किती नग हे मालागणिक वेगळं लिहायचं, कारण नॅपकिनची गाठ आणि चादरीची गाठ सारखी नसते.

मिक्स गाठीचं तर आजच ठरवा. ठोकचा गिऱ्हाईक मिसळ रंगांची गाठ घेतो, त्याला रंगाचं देणंघेणं नसतं. ऑनलाइनवर मात्र एकेक रंग वेगळा विकला जातो. बंद मिक्स गाठ हा एक आयटम आणि सुटे रंग हे वेगळे आयटम असं ठेवलंत, तर गाठ फोडणं ही स्वतंत्र नोंद होते: एक गाठ कमी, अमुक रंगाचे इतके नग जास्त. ही नोंद कोण करणार, गाठ फोडतानाच करणार की संध्याकाळी, हे माणसाच्या नावानिशी ठरलं पाहिजे. विकणाऱ्याला विचारा की ही नोंद त्यांच्याकडे कशी होते, आणि तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. सहा टॉवेलचा सेट ऑनलाइन विकत असाल तर तोही असाच. सेटचा वेगळा स्टॉक ठेवू नका. सेट विकला की सहा सुटे नग कमी झाले पाहिजेत.

तुमच्या जुन्या यादीत मराठी नावं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये अर्थहीन इंग्रजी अक्षरांसारखी दिसतील. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं मुळात मराठी नसतात, फक्त दिसायला मराठी असतात. ती युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकेक करून वाचा. 'र्‍ह', 'द्य', 'क्ष' हमखास बिघडतात. फाइल सीएसव्ही (रकान्यांची साधी मजकूर फाइल) म्हणून जतन करताना 'यूटीएफ-८' हा प्रकार निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. बारकोडचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. तेरा आकडी बारकोड एक्सेल ८.९ई+१२ असा दाखवतं, आणि तसाच जतन झाला की शेवटचे आकडे शून्य होऊन कायमचे जातात. मूळ फाइलची एक प्रत कोणी हात लावणार नाही अशा जागी ठेवा.

पार्टीची यादी मालाइतकी अवघड नसते, पण तिथली चूक बिलावर दिसते. एकच दुकान मालकाच्या नावानं, दुकानाच्या नावानं आणि फोनमध्ये 'अण्णा बार्शी' म्हणून, असं तीनदा असतं. जुळवायचं तर मोबाईल नंबर आणि जीएसटी नंबरवरून जुळवा, नावावरून नको. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६. तुमच्या पार्ट्या विजयपूर, कलबुर्गी आणि हैदराबादला आहेत, म्हणजे राज्य चुकलं तर सीजीएसटी-एसजीएसटीच्या (राज्यातल्या विक्रीच्या कराच्या) जागी आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) लागायचा राहतो. प्रत्येक नंबर जीएसटीच्या पोर्टलवर तपासा. काही नोंदण्या रद्द झालेल्या निघतील, आणि ते माल पाठवण्याआधी कळलेलं बरं.

पत्त्यांत गावांच्या नावांचा घोळ आहे. उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर-अहिल्यानगर, विजापूर-विजयपूर, गुलबर्गा-कलबुर्गी. यादीत दोन्ही सापडतील, त्यातही इंग्रजी स्पेलिंग चार तऱ्हांची. एक नाव ठरवा आणि पिनकोडवर विसंबा. (पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि ती टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं, संस्कृत कवीनं, आखली. हा माझ्या अभिमानाचा विषय आहे, म्हणून राहवलं नाही.) एक लक्षात असू द्या: ४१३ नं सुरू होणारा पिन सोलापूरचाच असतो असं नाही. बारामती, लातूर, धाराशिवही ४१३ मध्येच येतात. पहिल्या तीन आकड्यांवरून भाड्याचा दर ठरवणारा तक्ता केलात तर तो चुकेल, पूर्ण सहा आकडे घ्या. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) करताना पिन आणि राज्य जुळलं नाही तर पोर्टल ते बिल स्वीकारत नाही, आणि ट्रक दारात उभा असतो.

पार्टीसोबत तीन गोष्टी लिहायच्या: भाव, उधारीची मर्यादा आणि मुदत. या वडिलांच्या डोक्यात असतात. हे काम हळुवारपणे करावं लागतं. चाळीस वर्षं माणसं ओळखून दिलेली उधारी एका रकान्यात बसवायची म्हटलं की त्यांना ते आवडणार नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्त असतो. मी असं करतो: वडिलांसोबत रोज दहा पार्ट्या, चहा घेत. "यांना किती पर्यंत विचारायची गरज नाही?" एवढाच प्रश्न. मर्यादा ओलांडली की सॉफ्टवेअरनं ऑर्डर अडवू नये, वडिलांच्या मोबाईलवर मंजुरीसाठी पाठवावी. म्हणजे निर्णय त्यांचाच राहतो आणि बाकीच्यांनाही तो दिसतो.

कराचं मात्र सीएंकडून लेखी घ्या. टॉवेल ६३०२ या एचएसएनखाली (करासाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक) येतो. चादरींच्या प्रत्येक प्रकाराचं वर्गीकरण त्यांना विचारा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर बिलावर सहा आकडी एचएसएन लागतो आणि व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइसही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गातल्या मालाला नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जास्त किमतीला १८ टक्के कर आहे. म्हणजे कराचा दर मालाला एकदा चिकटवून भागत नाही, तो विक्रीच्या किमतीवर ठरतो. तुमची भारीतली डबल चादर किंवा भेटीचा सेट या रेषेच्या आसपास असेल, तर सवलत दिल्यावर दर बदलतो का आणि सेट धरायचा की नग, हे सीएंनी सांगितलेलं सॉफ्टवेअरमध्ये बसतंय का, ते प्रत्यक्ष बिल काढून बघा. बिलाचा नंबर १६ अक्षरांहून मोठा चालत नाही आणि आर्थिक वर्षात एकच नंबर दोनदा येता कामा नये. म्हणून ठोक, पेढी आणि ऑनलाइन अशा बिलाच्या नंबरांच्या तीन मालिका ठेवा, आणि बिल टॅलीत बनणार की नव्या सॉफ्टवेअरमध्ये, ते एकदाच ठरवा. दोन्हीकडे बनवायची सोय ठेवलीत की महिनाअखेरीला जुळवणी होत नाही. माझं मत विचाराल तर बिल नव्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि टॅलीत फक्त त्याची नोंद जावी.

आता प्रत्यक्ष मोजणी. टॅलीतला किंवा एक्सेलमधला आकडा सुरुवातीची शिल्लक म्हणून कधीही घेऊ नका. काही आयटम तिथे उणे दिसतील, म्हणजे खरेदीची नोंद होण्याआधी माल विकला गेला. सुट्टीच्या दिवशी शटर ओढून मोजा. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि लिहिणाऱ्याकडे जुना आकडा नको, नाहीतर मोजणी त्या आकड्याकडे झुकते. मोजलेल्या थप्प्याला रंगीत चिठ्ठी लावा. सेकंडचा (दुय्यम प्रतीचा) माल, डागी माल, शिलाईला किंवा धुलाईला बाहेर गेलेला माल, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनात पडलेला माल यांना वेगवेगळ्या जागा द्या. बाहेर गेलेला माल तुमचाच आहे, पण आज विकता येत नाही. या दोन गोष्टी एकाच आकड्यात घातल्यात की ऑनलाइनवर नसलेला माल विकला जातो.

ऑनलाइनच्या मालासाठी जुळणीचा एक तक्ता लागेल: तुमचा कोड एका बाजूला, प्रत्येक ठिकाणचा कोड दुसऱ्या बाजूला. ॲमेझॉनचा दहा अक्षरी कोड वेगळा, तुम्ही तिथे माल चढवताना दिलेला कोड वेगळा. जोडणी बहुधा दुसऱ्यावर होते. एकाच टॉवेलच्या तिथे दोन नोंदी असतील तर दोन्ही लिहा. आणि टंचाई आली की माल कोणाला द्यायचा याचा नियम करा. लग्नसराईत बार्शीच्या जुन्या पार्टीला पाच डझन कमी पाठवायचे की ऑनलाइनची विक्री थांबवायची? मी जुन्या पार्टीच्या बाजूनं असतो, पण धंदा तुमचा आहे. नियम काहीही असो, ऑनलाइनवर पूर्ण शिल्लक दाखवू नका, थोडा माल हातचा राखून ठेवा.

यंत्रांबद्दल थोडक्यात. इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, पॅकिंगच्या टेबलाजवळ लेबल प्रिंटर, आणि संगणकासोबत प्रिंटरलाही यूपीएस. बारकोड स्कॅनर संगणकाला कीबोर्डच वाटतो. त्यामुळे संगणकाची भाषा मराठीवर असताना स्कॅन केलं की कोडमधल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरं उमटतात आणि 'माल सापडला नाही' असा संदेश येतो. एका गोडाऊनमध्ये या एका कारणानं तीन नवे स्कॅनर परत पाठवले गेले होते. पॅकिंगचा संगणक फक्त इंग्रजी कीबोर्डवर ठेवा. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. एकाच लॉगिनवर सगळे काम करू लागले की चूक कशी झाली ते शोधता येत नाही, आणि मग संशय सगळ्यांवर जातो. पेढीतल्या विश्वासासाठीच हे करायचं, हे माणसांना समजावून सांगा.

दिवस कुठला निवडायचा? पाडव्याला नवी वही सुरू करायची परंपरा चांगली, पण दिवाळी पाडव्याला हे करू नका, त्या महिन्यात सगळे दमलेले असतात. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा, मग लग्नसराई, मग आषाढी. मला श्रावणाच्या आधीचे दोन आठवडे तुमच्यासाठी बरे वाटतात. आर्थिक वर्ष मध्येच असलं तरी चालतं, नवी मालिका सुरू करता येते. जुन्या सगळ्या ऑर्डरी नव्यात आणायच्या मागे लागू नका. फक्त उघड्या (अजून पूर्ण न झालेल्या) ऑर्डरी, येणी आणि मोजलेली शिल्लक न्या. जुनी टॅली मात्र उघडता येईल अशी जपा, कारण जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात.

आणि चालू करण्याआधी आठवडाभर खोट्या ऑर्डरींची रंगीत तालीम घ्या, तुमच्याच माणसांच्या हातून. सरळ ऑर्डर सगळ्यांना जमते, ती एकदाच करा. बाकी वेळ अडचणीच्या ऑर्डरींना द्या: दहा डझनांपैकी सहाच पाठवले, चार नंतर, माल निघाल्यावर ऑर्डर रद्द, ऑनलाइनचा टॉवेल वापरून, धुऊन परत आला, पार्टीनं पत्ता बदलला, सेटमधला एक नग डागी निघाला, मिक्स गाठ फोडली आणि एक रंग कमी भरला. यातलं प्रत्येक मामांनी स्वतः करून बघितलं आणि नंतर स्टॉकचा आकडा गोडाऊनशी जुळला, की विकणाऱ्याला उरलेले पैसे द्या. त्याआधी देऊ नका, आणि करारात ही यादी तशीच जोडून घ्या.